हिरव्यावर पाय

ऑफिसच्या फाटकापासून काचेच्या दारापर्यंत सत्तावन्न फरशा होत्या. तिनं त्या ठरवून कधी मोजल्या नव्हत्या. पाय मोजत आले होते, आणि पायांना माहीत असलेलं वरपर्यंत पोचायला कधीकधी अकरा वर्षं लागतात. एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या फरशीच्या सांध्यात गवताचा एक झुबका होता, मुठीएवढा, कुणी न लावलेला. त्या सकाळी ऊन तिरपं होतं, काचेचं दार नुकतंच पुसलेलं होतं, आणि दारातून समोर एक बाई चालत येताना तिला दिसली. खांद्याला पिशवी, कानाजवळ पांढरी बट, चाल एकसारखी, शिलाई मशीनच्या टाक्यासारखी. मग मध्येच त्या बाईनं एक पाऊल लांब टाकलं. फार नाही, चार बोटं. झुबक्यावर टेकवलं आणि पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. ती बाई आपणच आहोत हे कळायला तिला आणखी दोन फरशा लागल्या.

"रोजच देता," दारातला वॉचमन म्हणाला.

"काय?"

"पाय. त्या गवतावर. माळी दोनदा उपटायला आला होता, मीच म्हटलं, राहू दे रे बाबा, मोजणीबाईंचं त्याच्याशी काहीतरी आहे."

"माझं काही नाही त्याच्याशी."

"मग पाय लांबवता कशाला?" तो हसला. "माझं काय जातंय. द्या की."

ती आत गेली नाही. दाराशीच उभी राहिली, आणि पिशवीतला कागद एकदम जड झाला. कालच्या मोजणीचा कागद. तिचं काम सांगायला गेलं तर हसू येईल इतकं साधं होतं: जिथं खडीची खाण होती आणि जिथं आता पुन्हा चराईचं कुरण व्हायचं आहे, त्या जमिनीवरून सरळ रेषेत पाचशे पावलं चालायचं. दोन्ही बुटांच्या टोकावर एक-एक बारीक खाच कोरलेली असते. प्रत्येक पावलाला थांबून खाचेखाली काय आलं ते पाहायचं आणि लिहायचं. गवत, माती, किंवा खडा. बस. पाचशेत तीनशे वेळा गवत आलं की कुरण तयार, कुंपण उघडायचं, मेंढ्या आत. तीनशेच्या आत राहिलं की कुंपण आणखी दोन वर्षं बंद. एकच अट असते, नजर लांबच्या खुणेवर ठेवायची आणि पाऊल नेहमीचं टाकायचं. खाली बघून टाकलेलं पाऊल खोटं. काल तिला तीनशे अठरा मिळाले होते. तिची नजर लांबच्या खांबावर होती, निदान तिला तसं वाटलं होतं. पण नजरेला एक खालची कड असते, आणि त्या कडेतून हिरवं आत येतं, आणि पाय चार बोटं लांब होतो. पाचशे पावलांत अशी किती? अठरा? चाळीस? कोण सांगणार? पायाला विचारलं तर पाय म्हणेल, मी नेहमीचंच टाकलं.

गवत, गवत, माती, खडा. हे शब्द ती लिहिताना पुटपुटायची आणि पुटपुटता पुटपुटता त्यांना चाल लागायची. चाल जुनी होती. तिच्या लहानपणी ह्याच खाणीच्या कडेला कामगारांच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यात शेवटून दुसरी तिच्या आईबाबांची. खोलीच्या मागं चाळणी. मोठी लोखंडी चाळणी, घराएवढी, दिवसभर हलणारी. पट्ट्यावरून दगडगोटे येत, चाळणीत नाचत, जाड एकीकडे पडत, बारीक दुसरीकडे, आणि वाळू तिसरीकडे, पीठ पडावं तशी. ताटं मांडणीवर किणकिणत. पाण्याच्या भांड्यात गोल गोल लाटा उठत राहत, कुणी हात न लावता. ती बोलायला शिकली तीच ओरडून. खोल्यांपासून नळापर्यंत जायला खडीच्या ढिगांमधली वाट होती, आणि त्या वाटेवर तिथल्या पोरींचा एक खेळ होता. खडीवर पाय पडला की बाद. हिरव्यावर पडला की घर. हिरवं होतंच किती? टाकीच्या गळक्या नळाशी थोडं, वजनकाट्याच्या खांबाशी थोडं, आणि मध्ये कुठं कुठं मशीनच्या तेलातूनही तग धरून आलेले झुबके. त्यांच्यामधलं अंतर तिच्या पायांना पाठ होतं. ती कधीच बाद व्हायची नाही. आई डोक्यावर घागर घेऊन मागून यायची आणि चाळणीच्या ठोक्यावर गुणगुणायची, स्वतःशीच, कारण त्या आवाजात दुसऱ्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण ती आईच्या इतकी जवळून उड्या मारत चालायची की तिला ऐकू यायचं:

चाळणी हालते, खडा पडतो ढिगात,
लेकीचं पाऊल माझ्या पडू दे हिरव्यात,
हिरव्यात गं बाई.

पुढं आणखी दोन ओळी होत्या. त्या तिला आठवत नसत. आई जाऊन आठ वर्षं झाली होती आणि त्या दोन ओळी आईबरोबर गेल्या असं तिनं धरून टाकलं होतं.

"आणला का कागद?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ती कधी जिना चढून आली ते तिलाही समजलं नाही.

"आणलाय. पण देत नाही."

"हे छान. का?"

"पाय लांब पडलाय."

"कुणाचा?"

"माझाच, साहेब. गवत दिसलं की तिकडं जातो. आज कळलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. भले माणूस होते, पण त्यांना गोष्टी संपलेल्या आवडत. "अहो, अठरा जास्तच आहेत ना? इकडचे तिकडे झाले म्हणून काय बिघडलं? मेंढ्यांना काय ठाऊक तीनशे म्हणजे काय."

"मेंढ्यांनाच ठाऊक असतं," ती म्हणाली. "कोवळं असेल तर मुळासकट येईल तोंडात. एका महिन्यात परत खडी दिसायला लागेल."

"तुम्ही म्हणजे ना." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी पाचपर्यंत मला आकडा पाहिजे. कुठलाही द्या. पण एकच द्या. गाडी घेऊन जा."

खाच असलेले बूट घरी होते. काल चिखलाचे म्हणून बाबांनी ते धुऊन गॅलरीत वाळत घातले होते, आणि गाडीत बसल्यावर घर जवळ यायला लागलं तसं तिच्या लक्षात आलं की बुटांची अडचण नाहीच, अडचण बाबांची आहे.

बाबांना ऐकू येत नव्हतं. चौतीस वर्षं त्या चाळणीपाशी उभं राहून त्यांनी खडी चाळली, पट्ट्यावरच्या माणसांना हातांनी खुणा केल्या: उघडा पंजा म्हणजे चालू द्या, मूठ म्हणजे थांबा, आडवा सपाट हात म्हणजे पट्टा रिकामा आहे. आणि हळूहळू जग त्यांच्या कानांतून चाळून निघालं. आधी बारीक गेलं, मग जाड. सगळ्यात आधी गेली शिट्टी. खाणीच्या पलीकडच्या माळावर एक मेंढपाळ होता, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टीकाका म्हणत आणि बाबा नुसतं शिट्टी. ही खाण त्याच्याच कुरणात खणली होती. बाबा सांगायचे, एके दिवशी त्यांनी पाहिलं, शिट्टीनं बोटं तोंडात घातली, गाल फुगवले, साठ मेंढ्यांनी एकदम माना वळवल्या, आणि आवाज मात्र आला नाही. त्यांना वाटलं, गड्यानं गंमत केली. मग त्यांनी शेजारच्याकडं पाहिलं. शेजारच्यानंही वळून पाहिलेलं होतं. "तेव्हा कळलं," बाबा म्हणायचे, "मेंढ्यांना ऐकू येतंय ते मला येत नाहीय."

आणि ह्याच बाबांनी शिट्टीकाकांना शब्द दिला होता. देणारे ते कोण? ना मालक ना कंपनी. पण खणायला सुरुवात झाली त्या दिवशी शिट्टीकाका कडेला उभे होते, आणि कुणीच त्यांच्याशी बोलत नव्हतं, तेव्हा बाबा मशीनवरून उतरून गेले आणि म्हणाले, खडी काढतो आणि तुझं कुरण तुला परत देतो. वरची माती ते हट्टानं वेगळी काढायला लावायचे. ती काळी, मुळ्यांनी विणलेली माती खोल्यांच्या मागं एका ढिगात साठली, वर्षामागून वर्ष, दुमजली घराएवढी. बाबा तिच्याकडं धान्याच्या कोठाराकडं बघावं तसे बघायचे. एवढी उंच रचायची नसते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याच ओझ्याखाली माती आतून गुदमरते, तिच्यातलं बी झोपतं ते उठतच नाही. चार वर्षांपूर्वी ढीग फोडून पसरला तेव्हा आतून आंबूस वास आला आणि ती माती हातात घेऊन बाबा तिथंच खाली बसले होते. मग बाहेरून बी आणलं, पेरलं, पाणी घातलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती चपला काढत असतानाच बाबा विचारायचे, "उगवलं का?" स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं ते इतक्या मोठ्यानं विचारायचे की वरच्या मजल्यावरची काकू एकदा जिन्यात म्हणाली होती, "उगवलं की मलाही सांग गं, माझाही जीव टांगणीला लागलाय."

काल तिनं चिखलाचे बूट काढायच्या आधीच उघडा पंजा दाखवला होता. चालू. झालं. उगवलं. बाबा खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग त्यांनी फोन घेतला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा फोन म्हणजे पत्रच असतं: आपलं बोलायचं आणि ठेवून द्यायचं. "शिट्टी! मी बोलतोय! तुझं कुरण झालं बरं का! पोरीनं मोजलं! एक तारखेपासून मेंढ्या आण!" आणि खाडकन बंद. मग गॅलरीत बसून त्यांनी तिचे बूट धुतले. ब्रश घासताना ते हसत होते, एकटेच, भिंतीकडं बघून.

आता ती घरात शिरली आणि गॅलरीतून बूट उचलले, तर बाबा दारात. इस्त्रीचा शर्ट अंगात, काठी म्हणून छत्री हातात. त्यांनी बुटांकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर जे पसरलं ते पाहून तिला वाटलं, मूठ दाखवावी. थांबा. पण हात वर गेलाच नाही.

"मला ठाऊक होतं," बाबा ओरडले. "मला दाखवायलाच आलीस ना? चल!"

ड्रायव्हरनं दार उघडून धरलं. "काका पण? वा. मॅडम, काल मोजलं, आज परत मोजायचं, रात्रीतून काय मोठं झालं काय गवत?"

"नाही. लहान झालं."

"अरेरे," ड्रायव्हर म्हणाला आणि गंभीरपणे गाडी सुरू केली.

शहर संपायला वेळ लागतो. ते संपतंय असं वाटतं आणि आणखी एक इमारत उभी राहते. तिला त्या इमारती पाहवत नसत आणि पाहिल्याशिवाय राहवतही नसे. कुठंतरी पुलाच्या तुटक्या कडेतून, खांबाच्या उडालेल्या पोपड्यातून गोटे दिसायचे, गुळगुळीत, नदीच्या कुठल्यातरी जुन्या वळणात घासलेले, आणि तिला वाटायचं, हा आपला. हा आपल्या चाळणीतून गेलाय. आपण शाळेत गेलो, वह्या घेतल्या, आईला औषधं आणली, ते सगळं ह्या भिंतींत आहे, आणि तिकडं त्याच मापाचा एक खड्डा आहे. बाबा खिडकीशी बसले होते. ते रस्ता बघत नव्हते, हाताची नखं बघत होते, लग्नाला निघालेल्या माणसासारखे. गाडीच्या डुलण्यात तिचे डोळे मिटले, आणि मिटल्यावर पाय दिसायला लागला. नुसता पाय. तो हिरव्यावरून हिरव्यावर चालला होता, आणि मधलं सगळं, ढीग, मशीन, शिट्टीकाकांचा उघडा पडलेला माळ, त्याच्या खालून न शिवता वाहून जात होतं. एकदाही बाद नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. कसं शक्य आहे?

शिट्टीकाका कुंपणाशी होते. आता त्यांच्याकडं तेवीस मेंढ्या उरल्या होत्या, त्या बाहेरच्या उतारावर वाळकं काहीबाही खुडत होत्या. दोघे म्हातारे भेटले. बाबांनी त्यांच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की काका खोकले. समोर कुरण पसरलं होतं. खड्ड्याच्या कडा उतरवून गोल केलेल्या, मधे वाटीसारखा सखल भाग, आणि सगळीकडं हिरवं. लांबून बघावं तर डोळे भरून यावेत असं हिरवं. बाबा फाटकाला धरून उभे राहिले. तिनं तोंड फिरवलं, तर तिकडं काका तिच्याकडेच बघत होते.

"परत मोजायला आलीस," काका म्हणाले. बाबांची पाठ होती, आणि पाठ नसती तरी काय.

"तुम्हाला कसं कळलं?"

काका फाटकातून आत वाकले, अंगठा आणि दोन बोटं जुळवून मेंढीच्या तोंडासारखी केली, आणि गवताचा एक झुबका धरून झटका दिला. तोडला नाही, ओढला. झुबका आला तो मुळांसकट, पांढऱ्या, बोटभर मुळांसकट, पोराच्या केसांसारख्या. त्यांनी तो परत जागेवर ठेवला आणि टाचेनं दाबला. "वरनं हिरवं आहे. खालनं धरलेलं नाही. मी रोज येतो गं, एक ओढून बघतो. गेल्या साली दहातले नऊ यायचे. आता पाच येतात. धरेल. पण अजून नाही."

"मग काल फोनवर का नाही बोललात?"

"तुझा बाप ऐकतो का?" काका हसले. दात कमी होते, हसू पूर्ण होतं. "बोलला आणि ठेवला. आणि खरं सांगू? इतका खूष होता. मी म्हटलं, असू दे. मेंढ्या एक तारखेला आणतो, फाटकातून आत घेतो, त्याला दाखवतो, आणि तो गेला की बाहेर काढतो. तुझा बाप काय रोज येणार आहे?"

तिनं फाटकाशीच चपला काढल्या. मग बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि वाकलेली असतानाच तिला सुचलं की दोष नजरेचा आहे, तर नजर नकोच. "काका, तुम्ही रेषेच्या त्या टोकाला उभे राहाल? आणि शिट्टी माराल? सावकाश, एकामागून एक. मी डोळे मिटून येते. शिट्टीला एक पाऊल. पाऊल पडलं की डोळे उघडून फक्त खाच बघायची."

"मेंढरू समजलीस का तू स्वतःला?" पण ते निघालेसुद्धा होते, कोवळं गवत तुडवायला नको म्हणून दगड बघून बघून पाय टाकत.

आणखी एक गोष्ट होती. आतापर्यंतची बेरीज मोजणाऱ्याला कळली की पाय हावरा होतो, तेव्हा लिहिणारा दुसरा पाहिजे. ड्रायव्हर गाडीत तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. आणि अडीचशे पावलांवरून हाताची खूण वाचून चूक न करणारा माणूस जगात एकच होता. तिनं बाबांना रेषेच्या मध्याशी उलट्या बादलीवर बसवलं, कागद आणि पेन्सिल हातात दिली. पंजा दाखवला: गवत. सपाट हात: माती. मूठ: खडा. बाबांनी मान हलवली, इतक्या अभिमानानं हलवली की तिला वाटलं, अजूनही परत फिरता येईल. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. लांबचं त्यांना अजून लख्ख दिसत होतं.

ती टोकाला गेली आणि डोळे मिटले.

पहिली शिट्टी आली तेव्हा बाहेरच्या तेवीस मेंढ्यांनी माना वर केल्या असणार, कारण खुरांचा बारीक आवाज झाला. पाऊल. डोळे उघडले: खाच, गवत. पंजा वर. मिटले. शिट्टी. पाऊल. माती. सपाट हात. शिट्टी. खडा. मूठ. मिटलेल्या पापण्यांत ऊन लाल होतं, आणि त्या लालात फक्त शिट्टी होती, एक तार, आणि ती तिच्यावरून चालली होती. पाऊल कुठं पडणार हे ठाऊक नसण्यात किती विसावा असतो! आयुष्यभर तिला ठाऊक होतं. खडा. मूठ. माती, माती. सपाट, सपाट. गवत. कुंपणाबाहेरून मेंढ्या तिच्याबरोबर चालत होत्या, शिट्टी आपल्यालाच आहे असं समजून. मग शिट्ट्या तिच्या पावलांत आणि पावलं चाळणीच्या ठोक्यात मिसळली. पाण्यात गोल लाटा उठू लागल्या, ताटं किणकिणली, घागर डुचमळली, मागून कुणीतरी येत होतं, अगदी जवळून, आणि ज्या दोन ओळी आईबरोबर गेल्या होत्या त्या काहीच झालं नाही अशा आल्या:

खड्याला खडा भेटे, मातीला भेटेना बी,
वाट बघ थोडी बाई, उगवेन मी,
उगवेन गं बाई.

ती थांबली. शिट्टी आली आणि गेली, पाऊल पडलं नाही. काकांनी पुन्हा मारली, जरा लांबवून, मागं राहिलेल्या मेंढीला मारतात तशी. तिनं पाऊल टाकलं. डोळे उघडायला वेळ लागला, आणि उघडले तेव्हा खाच नीट दिसेना. तिनं मनगटानं डोळे पुसले. खडा होता. मूठ वर केली. मध्यावरून जाताना तिला बादलीची कड दिसली, बाबांचे पॉलिश केलेले बूट दिसले. वर पाहायचं नाही असा नियम नव्हता, तरी तिनं पाहिलं नाही. फक्त पेन्सिलीचा आवाज ऐकला. बाबा मोठ्यानं श्वास घेत होते.

पाचशेव्या पावलाला ती काकांच्या छातीवर जवळजवळ आदळली. त्यांचे ओठ सुजले होते. "झालं?" ते म्हणाले. "ह्या वयात एवढी शिट्टी मी बायकोलासुद्धा मारली नाही."

दोघं बादलीपर्यंत आली. बाबा कागदावर वाकले होते. चष्मा आता नाकावर होता. पाच-पाचच्या रेघा, चार उभ्या आणि एक आडवी, अशा तीन रांगा, जशा ते खेपा मांडायचे. त्यांनी पहिली रांग पुन्हा एकदा बोटानं मोजली, ओठ हलवत. मग खाली आकडा लिहिला. दोनशे चौसष्ट.

तिनं काही खूण केली नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळ्या खुणा तिच्या करून झाल्या होत्या, पाचशे खुणा, आणि त्या त्यांनी स्वतःच्या हातानं मांडल्या होत्या. वारा आला आणि लांबून हिरवं दिसणारं सगळं एकदम एका बाजूला झुकलं, आणि झुकलं तेव्हा मधली जागा दिसली, राखाडी, उघडी, जागोजाग. बाबा त्या जागेकडं बघत राहिले. तिला आंबूस माती हातात धरलेले बाबा आठवले आणि तिनं त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढं केला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, नेहमीच्याच मोठ्या आवाजात, पण तिच्याकडं नाही, काकांकडं वळून:

"शिट्टी, तुला ठाऊक होतं का रे?"

काकांनी मान हलवली. हो.

"गाढवा," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "दोन वर्षं थांबशील?"

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग आपली दोन्ही बोटं शर्टाला पुसली, हात वर केला, आणि उघडा पंजा दाखवला. कुठून शिकले कोण जाणे. इतकी वर्षं पलीकडच्या माळावरून बघत होते, तेव्हाच कधीतरी शिकले असणार. चालू द्या.

बाबांनी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली, आणि त्या आकड्याखाली पेन्सिलीनं सही केलेली होती, चाळणीवरच्या नोंदवहीत करायचे तशी, पूर्ण नावानं. साडेतीन वाजले होते. पाचपर्यंत पोचता येणार होतं. बाबा बादलीवरून उठले, छत्रीची काठी टेकवली, आणि फाटकाकडं निघाले, तर पहिल्याच पावलाला अडखळल्यासारखे थांबले. खाली पाहिलं. उचललेला पाय तसाच हवेत धरला, मागं घेतला, आणि बाजूच्या एका खड्यावर ठेवला. मग पुढचा खडा शोधला. मग पुढचा.

"खडीवर द्या पाय!" ते ओरडले. मेंढ्यांनी माना वळवल्या. "हिरव्यावर पडला की बाद!"

काका हसत त्यांच्या मागून निघाले, खड्यावरून खड्यावर, हात पसरून तोल सांभाळत. ती सगळ्यात मागं. तिचा उजवा पाय सवयीनं झुबक्याकडं लांब झाला, चार बोटं. तिनं तो वरच्यावर अडवला, आखडता घेतला, आणि खडीवर टेकवला. बुटाच्या तळातूनही खडा टोचला, टोकदार. मग दुसरा.